चोवीस इंजेक्शनं आणि चौऱ्याऐंशी दिवस

"बाई, तुमचं ते वर्ष मी डोळ्यांनी बघितलंय. मला नको ते औषध."

२०२३ च्या जूनमध्ये आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी माझ्या घरच्या कट्ट्यावर बसून हे म्हणाल्या. हातात चार घड्या घातलेला रक्ताचा रिपोर्ट होता. मार्चमध्ये त्यांना ताप आला, प्लेटलेट्स कमी निघाल्या, डेंग्यू समजून सलाईन लावलं. ताप उतरला पण प्लेटलेट्स काही वर येईनात. मग एका डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या आणि हिपॅटायटिस सी, म्हणजे विषाणूमुळे यकृताला होणारा आजार, त्या ओळीपुढे 'पॉझिटिव्ह' आलं. डॉक्टरांनी सरकारी रुग्णालयात जायला सांगितलं होतं. त्याला दोन महिने झाले होते. मावशी गेल्याच नव्हत्या.

त्यांनी बघितलेलं खोटं नव्हतं. २००९ मध्ये याच आजारावर मी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेत होते, तेव्हा वर्गातून बाहेर पडून त्यांच्या स्वयंपाकखोलीच्या दाराला टेकून उभी राहायचे. पुढच्या तासाला जायला पाय उचलत नसत. त्या मला गूळ-पाणी द्यायच्या. माझे केस विंचरताना हातात येत होते हेही त्यांना माहीत होतं. त्यामुळे 'काही होत नाही हो मावशी' असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी त्यांना आत बोलावलं, चहा टाकला आणि माझी दोन्ही उपचारांची हकिकत पहिल्यापासून सांगितली. तीच इथे लिहिते आहे. माझ्यासारखं इंटरफेरॉन घेऊन, थकून, अर्ध्यावर सोडून किंवा पूर्ण करूनही बरे न होता घरी बसलेले लोक अजून आहेत. त्यांची ती अवस्था बघितलेले त्यांचे नातेवाईक आणि शेजारी तर त्याहून जास्त आहेत.

मला हा आजार बहुधा १९९१ साली लागला. थोरलीच्या वेळी सिझेरियन झालं, रक्तस्राव थांबेना, तीन बाटल्या रक्त चढवलं. ह्यांनी रात्री धावपळ करून ते आणलं होतं. तेव्हा पैसे घेऊन रक्त देणारे लोक सर्रास असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. हिपॅटायटिस सी चा विषाणू ओळखला गेला तोच मुळी १९८९ मध्ये. त्याआधी या काविळीला 'ए नाही, बी नाही' एवढंच नाव होतं. आपल्याकडे दान केलेल्या प्रत्येक बाटलीची सी साठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ पासून. माझ्या तीन बाटल्या त्याच्या दहा वर्षं आधीच्या. त्या रात्री ते रक्त मिळालं नसतं तर मी वाचले नसते, हेही तितकंच खरं.

पुढची सतरा वर्षं मला काहीही झालं नाही. डोळे पिवळे नाहीत, पोटात दुखणं नाही. दुपारी जरा जास्त थकवा यायचा, पण घर, शाळा आणि दोन मुलं सांभाळणाऱ्या कुठल्या बाईला तो येत नाही? २००८ मध्ये शाळेत रक्तदान शिबिर झालं. शिक्षकांनी आधी द्यावं म्हणून मी पहिल्या पाचांत जाऊन झोपले. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, 'एकदा येऊन भेटून जा.' तिथल्या समुपदेशक मुलीनं फार समजुतीनं सांगितलं. मला त्या दिवशी आजाराचा धक्का बसला त्याहून जास्त लागलं ते 'तुम्ही आता रक्त देऊ शकणार नाही' हे वाक्य. ते अजून लागतं.

घरी बातमी कळली तशी शेजारच्या काकू काविळीची माळ घेऊन आल्या. माळ जसजशी खाली लांबत जाते तसतशी कावीळ उतरते, अशी आमच्या भागात श्रद्धा आहे. सासूबाईंनी माझा तांब्या-भांडं बाजूला ठेवलं. त्यांच्यावर माझा राग नव्हता, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. हा आजार जेवणातून, पाण्यातून, एका ताटात खाल्ल्यानं, मिठी मारल्यानं पसरत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. ब्लेड, नेलकटर, टूथब्रश, सुई एवढं वेगळं ठेवायचं. हे मीच त्यांना समजावलं आणि महिनाभरात तांब्या परत जागेवर आला.

पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांनी रक्त मुंबईला पाठवून विषाणूचा प्रकार, म्हणजे जीनोटाइप, काढून घेतला. तीन निघाला. भारतात तोच सगळ्यात जास्त आढळतो. डॉक्टर म्हणाले, "त्यातल्या त्यात बरं झालं. एक असता तर अठ्ठेचाळीस आठवडे घ्यावं लागलं असतं. तुम्हाला चोवीस." औषधं दोन होती. पेगिलेटेड, म्हणजे शरीरात जास्त दिवस टिकणाऱ्या, इंटरफेरॉनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा आणि रिबाव्हिरिनच्या गोळ्या रोज, सकाळी दोन, रात्री दोन. बरं होण्याची शक्यता दहात सात.

इंटरफेरॉन हा पदार्थ आपलं शरीर स्वतःच तयार करतं. फ्लूमध्ये जी कणकण येते, हाडं दुखतात, त्यातलं बरंचसं विषाणूमुळे नव्हे तर शरीरानं सोडलेल्या अशा पदार्थांमुळे असतं. तेच बाहेरून, मोठ्या मात्रेत, दर आठवड्याला टोचायचं, म्हणजे शरीराची सगळी फौज जागी होते आणि त्या धुमश्चक्रीत विषाणूही मरतो, अशी ती कल्पना. विषाणूवर नेमका नेम धरलेलं ते औषध नव्हतं. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे मला हे समजलं होतं. पण दर शनिवारी रात्री थंडी वाजून दात वाजायला लागले की समजलेल्याचा काही उपयोग नसायचा.

इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं, दोन ते आठ अंशांत. गोठवायचं नाही आणि तापू द्यायचं नाही. २००९ च्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावाला दिवसाचे आठ-आठ तास लोडशेडिंग. ह्यांनी एक मोठा थर्मास आणला. लाईट गेली की फ्रीजमधला बर्फ एका पिशवीत बांधून तळाशी घालायचा, त्यावर टॉवेलची घडी, त्यावर इंजेक्शनचं खोकं आणि मध्ये लहान थर्मामीटर. तो थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतला, मुख्याध्यापकांना सांगून घरी आणलेला. दुपारी मी शाळेत आणि हे बँकेत असले की धाकटा शाळेतून आल्या आल्या आधी थर्मास उघडून आकडा बघायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. दहा वर्षांचा होता. ती वही मी टाकलेली नाही. 'दु. ३.१० — ६ अंश. ठीक.' अशी पानंच्या पानं आहेत.

सुई टोचायला हे शिकले. शनिवारी रात्री नऊला पॅरासिटामॉल, दहाला इंजेक्शन, पोटावर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बारापासून ताप. रविवार अंथरुणात. सोमवारी शाळा. पहिला महिना असा गेला आणि मला वाटलं, एवढंच असेल तर निभेल. पण खरा त्रास पुढे होता आणि तो तापाचा नव्हता. रिबाव्हिरिननं रक्तातल्या लाल पेशी फुटत होत्या. हिमोग्लोबिन १२.४ वरून ८.६ वर आलं. जिना चढताना मध्ये बसावं लागायचं. गोळ्या कमी केल्या, मग रक्त वाढवायची वेगळी इंजेक्शनं सुरू झाली. पांढऱ्या पेशी खाली गेल्या. झोप उडाली. आणि तिसऱ्या महिन्यापासून एक काळं, जड असं काहीतरी मनावर बसलं. मुलांवर ओरडायचे, मग मोरीत जाऊन रडायचे. इंटरफेरॉननं नैराश्य येतं हे डॉक्टरांनी आधी एका वाक्यात सांगितलं होतं, पण ते माझ्या बाबतीत घडतंय हे ओळखायला मला आणि घरच्यांना दोन महिने लागले. मी वाईट आई झाले आहे असंच मला वाटत होतं. त्या काळात इंटरफेरॉन घेतलेल्या कोणाच्या घरात ही दोन महिन्यांची ओढाताण झाली असेल तर त्यांना मला सांगायचंय, ते औषधानं केलं, तुम्ही नाही.

सगळं मिळून साडेतीन लाखांच्या घरात खर्च गेला. पीएफमधून कर्ज काढलं. इंटरफेरॉन इतकं महाग का, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रोश कंपनीच्या पेगिलेटेड इंटरफेरॉनला भारतात २००६ मध्ये पेटंट मिळालं होतं. त्याविरुद्ध मुंबईची संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. व्यसनात अडकलेल्या, सुईनं ड्रग घेणाऱ्या लोकांसाठी ती काम करते आणि त्या लोकांमध्ये हिपॅटायटिस सी फार. त्यांच्या लढ्यामुळे नोव्हेंबर २०१२ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ज्यांच्याकडे समाज बघतही नाही त्यांच्यासाठी झगडणाऱ्या माणसांनी आम्हा सगळ्यांचं काम केलं. मला त्याचा फायदा व्हायला उशीर झाला होता, तरी ती बातमी वाचताना माझे डोळे भरून आले.

चोविसावं इंजेक्शन झालं. रक्तात विषाणू सापडला नाही. घरात पुरणपोळी झाली. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं. विषाणू परत आला होता, रक्तातलं त्याचं प्रमाण ८ लाख ४० हजार. रिपोर्टचं पाकीट ह्यांनी उघडलं आणि माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं. त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

डॉक्टर पुन्हा घेऊ म्हणाले, अठ्ठेचाळीस आठवडे. मी नाही म्हणाले. आज विचाराल तर तो नकार चूक नव्हता असंच म्हणेन. चूक पुढे झाली. मी तपासणीला जाणंच बंद केलं. चार वर्षं यकृताकडे बघितलं नाही. आजार शांत होता, थांबलेला नव्हता.

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर नावाच्या गोळीला मंजुरी मिळाली. नुसती गोळी, रोज एक, इंटरफेरॉनशिवायही चालेल अशी. पेपरात वाचलं आणि किंमत वाचून पेपर मिटला. एका गोळीचे हजार डॉलर, बारा आठवड्यांचे ८४ हजार डॉलर. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये ती गोळी विकणाऱ्या गिलियड कंपनीनं सात भारतीय कंपन्यांना ती बनवायचा परवाना दिला आणि २०१५ मध्ये इथे बनलेली गोळी आपल्याकडे मिळायला लागली. डॉक्टरांचा मला स्वतःहून फोन आला. इतक्या वर्षांनी त्यांनी जुनी फाईल काढून माझा नंबर शोधला होता. "मॅडम, या एकदा," एवढंच म्हणाले.

फायब्रोस्कॅन केला. पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या मध्ये यंत्राचा दांडा टेकवतात, टिचकी मारल्यासारखं वाटतं, दुखत नाही. यकृत किती निबर झालंय ते आकड्यात येतं. माझा ९.६. साडेबाराच्या आसपास गेला की सिरॉसिस, म्हणजे यकृतभर कायमचे वण, धरतात. म्हणजे मी कड्यापासून फार लांब नव्हते. डॉक्टर म्हणाले, सोफोसबुव्हिरबरोबर रिबाव्हिरिन देऊन चोवीस आठवडे आज सुरू करता येईल. पण डॅक्लाटास्विर नावाचं दुसरं औषध येऊ घातलंय. थोडं थांबलात तर रिबाव्हिरिन टळेल आणि बारा आठवड्यांत होईल. रिबाव्हिरिन हे नाव ऐकूनच मी थांबायला तयार झाले. त्यांनी मात्र बजावलं, "सिरॉसिस असता तर मी तुम्हाला एक दिवस थांबू दिलं नसतं."

२०१६ ची संक्रांत झाली आणि दुसऱ्या दिवशी रात्री दहाला मी दोन गोळ्या घेतल्या. सोफोसबुव्हिर ४०० मिलिग्रॅम, डॅक्लाटास्विर ६० मिलिग्रॅम. घेतल्या आणि पलंगावर बसून राहिले. उशाशी पॅरासिटामॉल, ताप बघायला थर्मामीटर, अंगावर रग. हे समोर खुर्चीत. बारा वाजले, एक वाजला. ताप आला नाही. थंडी वाजली नाही. दीडला हे म्हणाले, "अगं, झोप आता." मला झोप येईना, कारण औषध लागूच पडलेलं नाही अशी मला खात्री झाली होती. त्रास नाही म्हणजे गुण नाही, इतकं ते जुनं वर्ष अंगात भिनलं होतं.

पहिले पाच-सहा दिवस डोकं जड राहिलं. बाकी काही नाही. चौथ्या आठवड्यात विषाणू सापडेना. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, ७८ वरून २४ वर आलं.

दहावीच्या वर्गाला मी नंतर ही औषधं शिकवली, ती अशी. विषाणू म्हणजे मण्यांची एक लांब माळ. पेशीत शिरून तो स्वतःसारख्या माळा ओवून घेतो. ओवण्यासाठी त्याच्याकडे एक हात असतो, पॉलिमरेज. सोफोसबुव्हिर शरीरात गेल्यावर हुबेहूब मण्यासारखं होतं. तो हात फसतो आणि तोच मणी ओवतो, पण त्याला पुढचा मणी जोडताच येत नाही. माळ तिथेच संपते. डॅक्लाटास्विर दुसरीकडून अडवतं. माळा ओवायला आणि नवा विषाणू बांधायला लागणारं एनएस-५-ए नावाचं प्रथिन ते निकामी करतं. आणि हिपॅटायटिस बी पेक्षा इथे एक मोठी गोष्ट आपल्या बाजूनं आहे. सी चा विषाणू पेशीच्या केंद्रकात जाऊन लपून बसत नाही. नव्या माळा बनणं बंद झालं की जुन्या संपतात आणि मागे काही उरत नाही. म्हणून इथे 'बरं होणं' हा शब्द खऱ्या अर्थानं वापरता येतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे भोक नसलेला मणी!" मी अजून तेच वापरते.

कालनिर्णयवर रोज रात्री गोळी घेतली की त्या दिवसाच्या चौकटीत पेननं टिंब करायचे. एकही चौकट रिकामी नाही. शेवटची गोळी पाडव्याच्या रात्री आली. औषधाचे तीन महिन्यांचे साधारण पंचेचाळीस हजार रुपये झाले. आणि बारा आठवड्यांनी, जुलैमध्ये, ती खरी तपासणी. औषध संपल्यावर बारा आठवडे विषाणू नसणं, त्याला बरं झालं म्हणतात. पहिल्या वेळच्या पाकिटाची इतकी भीती बसली होती की या वेळी रिपोर्ट आणायला धाकटा गेला. तो सतरा वर्षांचा झाला होता. त्यानं फोनवर फक्त म्हटलं, "आई, ठीक." वहीत लिहायचा तसं.

मावशींना मी एवढं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. चहा गार झाला. मग त्यांनी विचारलं, "आणि पैसे?"

पैसे लागत नाहीत. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासण्या आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं असणार, पण 'मोफत' शब्दावर गरीब माणूस चटकन विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर चला."

पहिल्या खेपेला केसपेपर, नोंदणी, रक्त. नुसत्या अँटिबॉडीवर, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेल्या प्रथिनावर, औषध देत नाहीत. विषाणू आज रक्तात आहे का, हे आधी बघावं लागतं, कारण काही जणांचा तो आपोआप गेलेला असतो. तिथे आमचं अडलं. तपासणीचं किट संपलेलं. पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यातही नाही. तीन आठवडे, तीन एसटीच्या खेपा, मावशींचा तीन दिवसांचा रोज बुडाला. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, "राहू द्या बाई." मला त्या दिवशी फार चीड आली. औषध मोफत आहे, ते लागू पडतं, आणि माणूस गळून जातो तो इथे, बंद काउंटरसमोरच्या बाकड्यावर. त्या केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी मात्र त्यांचा नंबर लिहून घेतला आणि किट आल्या दिवशी स्वतः फोन केला. त्या एका फोननं मावशी परत आल्या.

विषाणू होता. मग यकृताची अवस्था. तिथल्या तरुण डॉक्टरांनी फायब्रोस्कॅनच्या रांगेसाठी न थांबता साध्या रक्ताच्या आकड्यांवरून गणित केलं. एफआयबी-४ म्हणतात त्याला. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखाच यकृताचा आकडा), आणि त्याला प्लेटलेट्स व एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकारानं भागायचं. मी शेजारी बसून करून बघितलं. वय ५८, एसजीओटी ९६, प्लेटलेट्स ९२ हजार म्हणून ९२, एसजीपीटी ८१, त्याचं वर्गमूळ ९. उत्तर ६.७. तीन पूर्णांक पंचवीसच्या वर गेलं की सिरॉसिसचा संशय पक्का धरतात. सोनोग्राफीतही यकृताचा पृष्ठभाग खडबडीत दिसला. पोटात पाणी नव्हतं, कावीळ नव्हती, हे चांगलं. सिरॉसिस होता, पण यकृत अजून आपलं काम रेटत होतं.

त्यामुळे मावशींना माझी जोडी नाही मिळाली. सिरॉसिस नसेल तर कार्यक्रमात सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्विर देतात. सिरॉसिस असेल तर सोफोसबुव्हिर आणि व्हेल्पाटास्विर, दोन्ही एकाच गोळीत, बारा आठवडे. पोटात पाणी होण्याइतकं यकृत थकलं असेल तर त्यावर रिबाव्हिरिन जोडतात आणि ते झेपणार नसेल तर चोवीस आठवडे नेतात. जीनोटाइप काढायची गरज बहुतेकांना राहिलेली नाही. हिपॅटायटिस बी ची तपासणी मात्र आधी करतातच, कारण दोन्ही असतील तर सी गेल्यावर बी उसळी मारू शकतो.

डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मावशी म्हणाल्या, "शुगरची. बाकी काही नाही." मी त्यांना पिशवी उलटी करायला लावली. त्यातून शुगरच्या दोन गोळ्या, काविळीच्या काढ्याची बाटली आणि पॅन-४० ची अर्धी स्ट्रिप निघाली. पित्ताची गोळी त्या रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या, मेडिकलवाल्याकडून, चार वर्षं. ती त्यांच्या लेखी औषधच नव्हती. व्हेल्पाटास्विर विरघळायला पोटात आम्ल लागतं. पित्ताच्या या गोळीनं आम्ल कमी होतं आणि औषध पुरतं अंगी लागत नाही. डॉक्टरांनी ती बंद केली. फारच जळजळलं तर पातळ औषध घ्या, पण दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा, म्हणाले. काढाही बंद केला. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन, फिट्सची काही औषधं, टीबीचं रिफाम्पिसिन, हीसुद्धा अशीच आधी सांगावी लागतात. जे कोणी या उपचाराला निघाले असतील त्यांनी घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी नेऊन टेबलावर ओतावी. तोंडी सांगू नये.

नागपंचमीच्या आठवड्यात मावशींनी पहिली गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात. "बाई, काहीच झालं नाही. बरोबर आहे ना ते औषध?" मी त्यांचा हात धरून हसले आणि तेव्हाच मला रडूही आलं.

पाचव्या आठवड्यात एकदा मात्र घाबरगुंडी उडाली. दुपारी शाळेत भांडी घासताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. शाळेतल्या एका बाईंनी साखर भरवली आणि मला फोन केला. शुगर ५८. विषाणू जायला लागला की यकृत सुधारतं, शुगर आपोआप खाली येते आणि जुन्या मापाची शुगरची गोळी जास्त पडते. डॉक्टरांनी ती निम्मी केली. मधुमेह असलेल्यांनी या बारा आठवड्यांत शुगर वरचेवर बघावी, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दर अठ्ठावीस दिवसांनी रिकामी बाटली घेऊन जायची, भरलेली घेऊन यायची. तिसरी बाटली दिवाळीत संपली. आणि मग पुन्हा तो बारा आठवड्यांचा खंड. इथे फार लोक गळतात. औषध संपलं, अंगात बरं वाटतं, कशाला जायचं परत? मी मावशींच्या घरच्या कालनिर्णयवर फेब्रुवारीच्या पानावर लाल गोल करून आले होते.

मधल्या काळात एकदा त्यांनी मला विचारलं, "बरं झाल्यावर रिपोर्ट निगेटिव्ह येईल ना?" मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. बरी होऊन पाच वर्षं झाल्यावर २०२१ मध्ये मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले. आधीच्या तपासणीत अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली आणि माझं नाव यादीत सगळ्यात शेवटी टाकलं. संध्याकाळपर्यंत उपाशी बसले. अँटिबॉडी म्हणजे आजार येऊन गेल्याची खूण. ती जन्मभर राहू शकते, विषाणू नसला तरी. हे त्या खोलीतल्या कोणाला समजावून सांगायची माझ्यात त्या दिवशी ताकद नव्हती. तेव्हापासून विषाणू न सापडल्याचा रिपोर्ट लॅमिनेट करून माझ्या पर्समध्ये असतो. आणि ती खूण संरक्षण देत नाही. दूषित सुई पुन्हा लागली तर आजार पुन्हा होतो. यावर लस अजून नाही.

फेब्रुवारी २०२४. मावशी आणि मी त्याच बाकड्यावर. समुपदेशक ताईंनी कागद दिला. मावशींना इंग्रजी येत नाही, त्यांनी तो माझ्याकडे केला.

"टार्गेट नॉट डिटेक्टेड," मी वाचलं.

"म्हणजे?"

"सापडला नाही. गेला."

त्यांनी कागद घेतला, नेहमीच्या सवयीनं चार घड्या घालायला लागल्या. मी थांबवलं आणि तो प्लास्टिकच्या फायलीत घातला. डॉक्टरांनी आत बोलावून पुन्हा बजावलं की विषाणू गेला तरी सिरॉसिसचे वण राहतात, त्यात कर्करोगाची गाठ होण्याचा धोका उरतो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही. मावशींनी मान हलवली आणि पेन मागितलं. केसपेपरच्या मागे, अक्षर न् अक्षर जुळवत, त्यांनी स्वतः लिहिलं: ऑगस्ट. सोनोग्राफी. उपाशी पोटी.